गच्ची गळतेय? नाशिकमध्ये वॉटरप्रूफिंगवाला निवडताना काय बघायचं

मे महिना अर्धा सरला की नाशिकमध्ये वॉटरप्रूफिंगवाल्यांचे फोन लागेनासे होतात. लागलाच तर "दोन दिवसांत येतो" असं उत्तर मिळतं. मग जो येतो तो गच्चीवर पाच मिनिटं फिरतो, मोबाइलवर गुणाकार करतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. ढग दिसायला लागलेले असतात, त्यामुळे आपणही "करून टाका" म्हणतो. बिघडलेल्या कामांची चौकशी केली तर बहुतेकांची सुरुवात अशीच झालेली असते.

इंदिरानगरमधल्या आमच्या स्वतःच्या घराची गच्ची आणि नंतर नातेवाइकांच्या सोसायटीची गच्ची, अशा दोन कामांत मी कोटेशन मागवण्यापासून शेवटचा हप्ता देईपर्यंत होतो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: माणूस पावसाळ्यात शोधायचा आणि काम कोरड्या दिवसांत करून घ्यायचं. हे उलटं झालं की ठेकेदार चांगला असला तरी काम कच्चं होतं. खालचे टप्पे मुख्यतः स्लॅबच्या गच्चीसाठी आहेत. पत्रे आणि कौलांबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

१. खर्च कोणी करायचा, हे आधी बघा

फ्लॅट नवा असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर ठेकेदार शोधण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्यानुसार (२०१६) ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तोंडी सांगू नका. ईमेल किंवा रजिस्टर पोस्ट करा, सोबत फोटो जोडा. आणि एक लक्षात ठेवा: मधेच तुम्ही स्वतः कोणाकडून कोटिंग मारून घेतलंत, तर "आमच्या कामाला तुम्ही हात लावलात" म्हणायला बिल्डरला जागा मिळते.

जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना "तुमच्या डोक्यावर गळतंय, तुम्हीच बघा" असं हमखास ऐकवलं जातं. ते चूक आहे. गच्ची सामाईक असते आणि आदर्श उपविधींनुसार तिथून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते. सचिवांना पत्र द्या आणि पोच घ्या. खर्च मोठा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, त्यामुळे मे महिन्यात जागं होऊन चालत नाही.

२. ठेकेदाराला बोलावण्याआधी गळती ओळखा

निम्मी फसवणूक इथेच टळते. आपल्याला काय गळतंय हेच माहीत नसेल, तर समोरचा जे विकत असेल तेच औषध ठरतं.

ओल दिसायला लागली की तारीख, पाऊस किती वेळ होता आणि डाग केवढा होता, हे मोबाइलमध्ये फोटोसह ठेवा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली तर ओल वाढतेय की थांबली, हे आपोआप कळतं. मग पुढच्या गोष्टी तपासा.

जानेवारी-फेब्रुवारीतही ठिपकत असेल तर दोष पावसाचा नाही. वरच्या मजल्यावरचं बाथरूम, गच्चीवरची टाकी किंवा सोलरची पाइपलाइन बघा. नाशिकमध्ये सोलर वॉटर हीटर घरोघरी आहेत आणि त्यांचे स्टँड पुष्कळ ठिकाणी सरळ कोब्यात (स्लॅबवरच्या वॉटरप्रूफ थरात) भोकं पाडून बोल्टने आवळलेले असतात. डिशचंही तसंच. दोन बोल्टच्या भोकांसाठी अख्खी गच्ची फोडायचं कोटेशन मी स्वतः हातात धरलेलं आहे.

पाऊस थांबल्यावरही तीन-चार दिवस ओल पाझरत असेल, तर पाणी कोब्याखाली साठून राहतंय. अशा वेळी छताला जिथे डाग दिसतो तिथेच वर चीर असेल, असं मुळीच नाही. पाणी कोबा आणि स्लॅबच्या मधून आठ-दहा फूट सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली उतरतं.

ओल छताला नसून पश्चिमेच्या भिंतीला असेल, तर आधी बाहेरच्या प्लास्टरच्या चिरा आणि खिडकीवरचा छज्जा बघा. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः त्याच बाजूने येतो. गच्चीवर लाखभर घालून भिंत ओली ती ओलीच, असं झालेली घरं आहेत.

आणि छताचं प्लास्टर पडून गंजलेल्या सळया दिसत असतील, किंवा स्लॅब मध्यभागी बसल्यासारखा वाटत असेल, तर वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करूच नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतंच. त्या अहवालात गच्चीबद्दल काय लिहिलंय ते ठेकेदाराच्या अंदाजापेक्षा कधीही भरवशाचं.

३. वेळापत्रक

जुलै-ऑगस्टमध्ये गळतीची नोंद करा आणि माणसं शोधा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोटेशन घ्या. काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. एप्रिल-मेमध्ये ऊन इतकं असतं की सिमेंटचं काम नीट भिजण्याआधीच तडकतं. दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारायची तयारी असेल तरच त्या दिवसांत कोबा करा.

भर पावसात फक्त तात्पुरतं करायचं: ताडपत्री टाका, निकासाची तोंडं मोकळी करा, मोठ्या चिरा बुजवा. "पावसातही बसणारं स्पेशल केमिकल" घेऊन कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा.

४. नावं कुठून काढायची

इंटरनेटवर "वॉटरप्रूफिंग नाशिक" शोधून चौकशी टाकली की तासाभरात दहा फोन येतात. त्यातले कितीतरी स्वतः काम करणारे नसतात. काम दुसऱ्याला देऊन मधला हिस्सा ठेवणारे असतात. नावं अशी काढलेली बरी:

- तुमच्याच भागातल्या, तुमच्याच वयाच्या इमारती. सिडकोतली जुनी रो-हाउसेस, कॉलेज रोडच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सोसायट्या, पाथर्डी फाट्याकडच्या नव्या स्कीम्स, या सगळ्यांची दुखणी वेगवेगळी असतात.
- बांधकाम साहित्याचे जुने दुकानदार. कोण माल किती नेतो आणि कोण उधारी बुडवतो, दोन्ही त्यांना माहीत असतं. मात्र एकाच दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, काहींचं कमिशन असतं.
- डॉ. फिक्सिट, सिका, फॉसरॉक अशा कंपन्यांचे अधिकृत अॅप्लिकेटर. तो खरंच अधिकृत आहे का, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा. टी-शर्टवर कंपनीचं नाव छापलेलं असणं हा पुरावा नाही.
- स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट. नाव सुचवण्यासाठी त्यांचा एवढासा वेळ घ्यायला हरकत नाही.

"शेजारच्या कॉलनीत आमचं काम चालू आहे, माल उरलाय, निम्म्या भावात करून देतो" म्हणत दारात येणाऱ्यांचं कधीही ऐकू नका. उरलेला माल म्हणजे बहुधा पाणी घातलेला माल असतो.

तीन नावं ठरली की प्रत्येकाकडून दोन पत्ते मागा, पण काम होऊन किमान दोन पावसाळे गेलेले. गेल्या महिन्यातली चकचकीत गच्ची बघून काहीच कळत नाही. पावसाळ्यातच तिथे जा. मालकाला जुजबी "काम कसं आहे?" विचारू नका, तीन प्रश्न विचारा: पहिल्या पावसात कुठे ओल आली का? आली तेव्हा फोन केल्यावर हा किती दिवसांनी आला? आला तेव्हा वेगळे पैसे मागितले का? ज्याच्या कामात कधीच काही निघालं नाही असा ठेकेदार मला भेटलेला नाही. फोन केल्यावर येणारा मात्र भेटला, आणि आमचं काम त्यालाच दिलं.

५. तो गच्चीवर आल्यावर काय करतो, ते बघा

माणसाची पारख इथे होते. आमच्याकडे चार जण आले. तिघांनी टेप लावला, दर सांगितला. चौथ्याने आधी विचारलं, "खालची खोली बघू का?" छताचा डाग बघितला, पंख्याच्या हुकापासून किती अंतरावर आहे ते मोजलं आणि मग वर आला. चप्पल काढून ठेवली आणि लहान हातोडीने कोब्यावर दर वीतभर अंतराने ठोकत निघाला. जिथे टणक आवाज आला तिथून पुढे सरकला. जिथे बद्द आला तिथे खिशातल्या खडूने गोल केला. अर्ध्या तासात गच्चीभर नऊ-दहा वर्तुळं झाली, आणि त्यातली बरीचशी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला आणि निकासाच्या पाइपाभोवती. मग बादलीभर पाणी मागवून मधोमध ओतलं आणि ते कुठे जातं हे बघत उभा राहिला. एका कोपऱ्यात थारोळं साचलं. "ढाळच नाही इथे," एवढंच म्हणाला. दर त्याने त्या दिवशी सांगितलाच नाही.

तर तुम्ही बघायच्या गोष्टी या:

- खालून छत बघायला मागतो का.
- इमारतीचं वय, कोब्याची जाडी आणि पूर्वी कधी काय केलंय, हे विचारतो का.
- ठोकून पोकळ जागा शोधतो का.
- पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यातला वाटा (मसाल्याचा गोलसर कोपरा) तपासतो का. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. या आकुंचन-प्रसरणात पहिली चीर त्याच सांध्यात पडते.
- ढाळ बघतो का. साधारण शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच उतार हवा.
- निकासाच्या पाइपाचं तोंड जाळी काढून बघतो का.

न ठोकता "सगळं फोडावं लागेल" म्हणणारा आणि न बघता "दोन कोट मारले की संपलं" म्हणणारा, दोघेही टाळा.

६. पद्धतींची तोंडओळख, कोणी गंडवू नये म्हणून

ब्रिकबॅट कोबा. भिजवलेले विटांचे तुकडे वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेल्या मसाल्यात ढाळ देऊन रचायचे आणि वरून सिमेंटचा थर देऊन रेघा मारायच्या. आपल्याकडची जुनी, चांगली पद्धत. वजन मात्र भारी: चार इंच जाडीचा कोबा चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलोच्या घरात जातो. म्हणून जुन्या कोब्यावर दुसरा कोबा टाकायला कोणी सांगत असेल तर नाही म्हणा. फोडणं टाळून ठेकेदाराचे कष्ट वाचतात आणि स्लॅबवर दुप्पट भार पडतो.

पातळ कोटिंग. अॅक्रिलिक, सिमेंट-पॉलिमर, पीयू (पॉलियुरेथेन) असे प्रकार. कोबा शाबूत असेल, ढाळ बरा असेल आणि चिरा बारीक असतील तर पुरेसं होतं. पाणी साचणाऱ्या जागी साधं अॅक्रिलिक टिकत नाही, फुगून पापुद्रे निघतात. इथे ठेकेदाराला एक सोपा प्रश्न विचारा: "लावताना पृष्ठभाग ओला हवा की कोरडा?" सिमेंट-पॉलिमर कोटिंग लावायच्या आधी पृष्ठभाग भिजवून, वरचं साचलेलं पाणी काढून टाकतात. पीयूला पृष्ठभाग कोरडा ठणठणीत लागतो. ज्याला हा फरक सांगता येत नाही, त्याच्या हातात डबा कितीही महागाचा असला तरी उपयोग नाही.

मेम्ब्रेन. डांबरी पत्र्यासारखे रोल, गॅसच्या टॉर्चने चिकटवायचे. दोन रोलच्या जोडावर चार इंचांची चढती कड हवी. वर संरक्षक थर किंवा अॅल्युमिनियमचं आवरण नसेल तर उन्हाने लवकर खराब होतं. नंतर सोलर किंवा डिश बसवताना त्याला भोक पडलं की सगळं मुसळ केरात.

ग्राउटिंग. बारीक भोकं पाडून नळ्या बसवतात आणि दाबाने सिमेंट किंवा रसायन आत भरतात. चिरा आणि सांध्यांसाठी ठीक आहे. अख्ख्या गच्चीला हाच उपाय सांगत असेल तर स्लॅबची तपासणी कोणी केली, ते विचारा.

राहिला तो खालून छताला "डॅम्पप्रूफ" पुट्टी-रंग लावायचा प्रकार. त्याने डाग झाकतो, पाणी येतच राहतं, आणि पाणी स्लॅबमध्येच कोंडल्याने सळया जास्त गंजतात. वरचं काम झाल्यावर, छत पूर्ण वाळल्यावरच खालून रंग द्या.

७. कोटेशन लेखी घ्या, आणि त्यात हे असू द्या

तिन्ही कोटेशनं एकाच मापावर आणि एकाच पद्धतीवर मागा, नाहीतर तुलनाच होत नाही. आधी स्वतः टेप लावून माप काढा. एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. पॅरापेटवर एक फूट वर चढवलेलं काम चौरस फुटात धरलंय की रनिंग फुटात, हे स्पष्ट लिहून घ्या. बिल फुगतं ते इथेच.

कोटेशनमध्ये असायला हव्यात अशा गोष्टी: जुना कोबा कुठे आणि किती फोडणार, राडारोडा खाली कोण उतरवणार आणि कुठे नेणार, कोणत्या कंपनीचं कोणतं उत्पादन, किती थर, वाटा, पाइपाची तोंडं, टाकीचे ओटे आणि सोलरचे पाय यांचं काम धरलंय की नाही, पाणी-वीज कोणाची, किती दिवसांत पूर्ण होणार, पाण्याची चाचणी किती तासांची, आणि गॅरंटी कशावर, किती वर्षांची.

"राडारोडा ठेकेदाराकडे" ही ओळ राहून गेली की तिसऱ्या मजल्यावरून पोती उतरवायला वेगळे पैसे मोजावे लागतात. आणि तो माल नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकला तर महापालिकेचा दंड तुमच्या नावावर येऊ शकतो.

सगळ्यात कमी दराचं कोटेशन बाजूला ठेवण्याआधी त्याला विचारा, "यात काय धरलेलं नाही?" कधी कधी खरंच तो प्रामाणिक असतो, त्याने फक्त निम्मंच काम धरलेलं असतं.

८. जवळ ठेवायची कागदपत्रं आणि साहित्य

तुमच्याकडून:
- गळतीचे तारखांसह फोटो
- मिळाला तर इमारतीचा नकाशा, जुन्या कामाची बिलं
- सोसायटी असेल तर ठराव आणि पत्राची पोच

ठेकेदाराकडून:
- लेटरहेडवर सही-शिक्क्यासह कोटेशन
- आधार आणि पॅनची प्रत, बँक खात्याचा तपशील
- जीएसटी असेल तर क्रमांक
- मजुरांच्या अपघाताची जबाबदारी त्याची, असं लिहून दिलेलं

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन आकडे २७, पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. छोट्या ठेकेदाराकडे नोंदणी नसली म्हणून तो खोटा ठरत नाही. सेवा देणाऱ्यांना वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा ती सक्तीची नाही. पण मग त्याने बिलात १८ टक्के जीएसटी लावायचा नाही. नोंदणी नसताना कर मागणारा माणूस मी तिथेच सोडला असता.

साहित्य म्हणून टेप, खडू, हातोडी, बॅटरी, दोन बादल्या. बस्स.

९. पैशांचे हप्ते

अर्धे पैसे आधी मागणाऱ्याला माल आणायलाच तुमचे पैसे लागतात, म्हणजे त्याची आधीची कामं अडकलेली आहेत. माझी पसंती अशी: सुरुवातीला दहा-पंधरा टक्के, माल जागेवर आल्यावर तीस, मुख्य थर झाल्यावर तीस, पाण्याची चाचणी पास झाल्यावर उरलेल्यातला मोठा भाग. आणि किमान दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवायचे. चांगले लोक हे मान्य करतात, फार तर दोन टक्क्यांवरून घासाघीस करतात. पैसे खात्यावरच पाठवा आणि प्रत्येक हप्त्याला "कोणत्या टप्प्याचे" हे लिहा.

१०. काम चालू असताना

दिवसभर उभं राहायची गरज नाही, पण तीन वेळा हजर राहा.

पहिली वेळ, माल येतो तेव्हा. डब्यांची सीलं तुमच्यासमोर उघडू द्या. बॅच नंबर आणि मुदत यांचे फोटो काढा. उत्पादनाच्या माहितीपत्रकात एका लिटरमध्ये किती क्षेत्र झाकतं ते दिलेलं असतं, त्यावरून डबे मोजा. समजा हजार चौरस फूट गच्ची आहे आणि पत्रकानुसार दोन थरांना मिळून लिटरला तीस चौरस फूट होतात. म्हणजे साधारण तेहतीस लिटर लागणार, वीस लिटरचे दोन डबे. एकाच डब्यात काम आटोपलं, तर उरलेलं काम पाण्याने केलेलं आहे. रिकामे डबे बिल होईपर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगा.

दुसरी वेळ, फोडून झाल्यावर आणि नवा थर टाकायच्या आधी. स्लॅब झाडून, पाण्याने धुऊन स्वच्छ दिसला पाहिजे. चिरा व्ही आकारात उकरून भरल्या पाहिजेत. धुळीवर मारलेलं कोटिंग पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं.

तिसरी वेळ, दुसरा थर पहिल्याला आडवा मारताना. पहिला उभा, दुसरा आडवा, मधे कंपनीने सांगितलेला वेळ. सकाळी एक आणि जेवणानंतर लगेच दुसरा मारत असतील तर थांबवा.

पॅरापेट बुटकं असेल किंवा बाहेरच्या भिंतीचं काम असेल तर परांची आणि सेफ्टी बेल्टचा आग्रह धरा. "आमच्या पोरांना सवय आहे" हे उत्तर स्वीकारू नका.

११. पाण्याची चाचणी

निकासाची तोंडं पोत्याच्या गोळ्याने आणि मसाल्याने बंद करायची, कडेला छोटा बांध घालायचा आणि एक-दोन इंच पाणी साठवायचं. किमान ४८ तास. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो भार, म्हणून जुना स्लॅब असेल तर गच्चीचे भाग पाडून चाचणी घ्या.

पाण्याची पातळी पॅरापेटवर पेन्सिलने नोंदवा. नाशिकच्या उन्हात पाणी उडूनही जातं, मग कमी झालेलं पाणी मुरलं की वाफ झालं, यावरून वाद होतो. त्यावर साधा तोडगा आहे. शेजारीच एक पसरट घमेलं तेवढंच पाणी भरून ठेवा. घमेल्यातलं आणि गच्चीवरचं पाणी सारखंच उतरलं तर ते वाफ. गच्चीवरचं जास्त उतरलं तर कुठेतरी शिरलंय. खालच्या खोलीत या काळात दोनदा बॅटरी मारून छत बघा, विशेषतः कोपरे आणि जुन्या डागाची रेघ.

१२. पत्रे आणि कौलं असतील तर

अंबड-सातपूरच्या शेडना आणि घरांवरच्या पत्र्यांना वॉटरप्रूफिंगवाला नको, फॅब्रिकेटर हवा. गळती बहुधा स्क्रूच्या भोकातून असते. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन फुटलेले असतात, ते बदलले की काम भागतं. दोन पत्र्यांची एकमेकांवरची चढ पुरेशी आहे का आणि वरची कड वाऱ्याच्या दिशेला उघडी तर नाही ना, ते बघा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये. फळी टाकून, पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या आधाराच्या) रेषेतच चालायचं. त्यांत अॅस्बेस्टॉस असतो, कापायला किंवा घासायला देऊ नका. गच्चीवर नव्याने पत्र्याची शेड टाकायची असेल तर ती दुरुस्ती राहत नाही. शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेत, चौकशी केल्याशिवाय खांब उभे करू नका.

जुन्या नाशकात, पंचवटीत आणि देवळालीकडे अजून कौलारू घरं आहेत. शाकारणी करणारे जाणते कारागीर कमी राहिलेत, त्यामुळे चैत्रातच सांगून ठेवा. फक्त फुटकी कौलं बदलून देणारा नको. रीप आणि वासे टोकरून कुजलेत का, आढ्यावरची कौलं मसाल्यात घट्ट आहेत का आणि पन्हाळीत पालापाचोळा साचलाय का, हे तिन्ही बघणारा हवा. महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस दिलेल्या वाड्यावर मात्र कोणालाही चढवू नका, आधी इंजिनिअरचा अहवाल.

१३. गॅरंटी आणि पुढे वाद झालाच तर

"दहा वर्षांची गॅरंटी" ऐकून भुलू नका. ती कोणाची, ते विचारा. कंपनीची असेल तर कंपनीचं कार्ड, त्यावर बॅच आणि क्षेत्रफळ हवं. ठेकेदाराची असेल तर तो किती वर्षं या धंद्यात आहे, हे त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. गळती झाल्यास किती दिवसांत येणार आणि माल-मजुरी दोन्ही फुकट की फक्त मजुरी, हे कागदावर हवं. "नंतर सोलर बसवला, झाडाच्या कुंड्या ठेवल्या तर गॅरंटी रद्द" अशी अट असतेच, ती वाचून सही करा. अट रास्त आहे, फक्त आधी माहीत हवी.

काम झाल्यावर गळलं तर आधी व्हॉट्सअॅपवर फोटो आणि तारीख टाका, मग पत्र किंवा ईमेल. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील सक्तीचा नाही. तिथे कामाला येतात ते सही असलेलं कोटेशन, खात्यावरून दिलेले हप्ते आणि डब्यांचे फोटो. रोख दिलेल्या पैशांचा आणि तोंडी गॅरंटीचा पुरावा कोणाकडेच नसतो.

दरवर्षी मे अखेरीस गच्ची झाडून घ्या, निकासाच्या जाळ्या काढून धुवा आणि गुलमोहराची पानं तिथे साचू देऊ नका. हे काम ठेकेदाराचं नाही, आणि ते न केल्यामुळे आलेली ओल कुठल्याही गॅरंटीत बसत नाही.